कामकऱ्याची खाणावळ

इटियाडोहचे धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. गाढवी नदीवरच्या त्या मातीच्या बांधावर टोपली वाहिलेली काही माणसे पुढे आमच्या ओळखीची झाली. बांध किती उंच, त्यात पाणी किती साठते, हे त्यांना सांगता येत नसे. पण दुपारी काय खाल्ले आणि कुठे बसून खाल्ले, हे मात्र त्यांना म्हातारपणीही लख्ख आठवे. फडक्यात बांधलेला भात, मीठ, हिरवी मिरची आणि मोहाची सावली. मग केव्हा तरी कोणी चार बल्ल्या रोवून, वर पळसाच्या फांद्या टाकून चहाचे ‘हॉटेल’ घातले. आमच्या झाडीपट्टीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. जेथे चूल पेटलेली आहे आणि समोर बाक टाकलेला आहे, ते हॉटेल.

व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोला म्हणून सांगितले, तेव्हा आम्ही हाच विषय मागून घेतला. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संपाच्या मंडपात. तेथे जे इतिहास वाचावयास मिळाले, त्यांत पेशव्यांच्या पंगती होत्या, साहेबांच्या मेजवान्या होत्या. घराबाहेर पदरचे पैसे मोजून जेवणारा कामकरी मात्र क्वचितच भेटला. आणि खरे म्हणजे, बाहेर जेवण्याची रीत रूढ केली ती त्यानेच. हौसेने नव्हे, नाइलाजाने.

आपल्या पणजोबांच्या काळी प्रवासास निघालेला मनुष्य जेवण विकत घेत नसे. तो शिधा विकत घेई. वाण्याकडून तांदूळ, डाळ, मीठ, लाकडे घ्यावयाची, धर्मशाळेच्या ओट्यावर तीन दगड मांडावयाचे आणि आपले आपण रांधावयाचे. याचे कारण गरिबी नव्हते. तांदूळ कोणाच्याही हातचा चाले, पण त्याचा भात झाला की रांधणाऱ्याची जात त्यात उतरते, अशी समजूत होती. फुटाणे, लाह्या, चुरमुरे, तळलेले काही जिन्नस यांना थोडी सवलत असे. पण शिजलेला भात आणि पाणी या दोन वस्तूंभोवती कडेकोट कुंपण होते. कनवटीला पैसा असून माणूस उपाशी राही, कारण त्याच्या जातीचे कोणी त्या गावात नसे. जेथे अन्न विकणे हेच हीनपणाचे मानले जाई, तेथे खाणावळ निघावी कशी?

हे कुंपण किती पक्के होते, याचा एक दाखला वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस तरी ठाऊक असावा. पुण्यातील पहिली वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली आणि ती सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. तेच रानडे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास गेले असता तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. बाळ गंगाधर टिळकही त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी बाजूस ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, आणि शेवटी प्रायश्चित्ताची पाळी रानडे-टिळकांसारख्यांवरही आली. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या माणसास जर एका पेला चहापायी हे भोगावे लागले, तर साध्या माणसाने परक्या चुलीपाशी जाण्याचा विचार तरी कसा करावा?

आता याच १८९० सालात मुंबईत काय चालले होते ते पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला होता. त्यातील मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! आठवड्यातून एक दिवस सुटी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरवड्याच्या आत द्या. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आला. म्हणजे पुण्यात चहा प्यावा की न प्यावा याचा खल चालू होता, तेव्हा मुंबईत जेवावयास वेळ मिळावा की न मिळावा, याचा चालला होता. पुण्याच्या वादावर पुस्तके पुष्कळ आहेत. अर्ध्या तासाबद्दल फारसे कोणी लिहिलेले नाही. पण आमच्या मते शिध्याचे युग संपविले ते त्या अर्ध्या तासाने. अर्ध्या तासात तीन दगड मांडून भात होत नाही.

गिरणीचा भोंगा जात विचारीत नाही, तशी उसंतही देत नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामकरी बायकामुले गावी ठेवून एकटा आला. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण झोपत. तेथे चूल कुठून पेटावी? मग शेजारच्या एखाद्या बाईने, बहुधा विधवेने किंवा नवरा कामावरून निघालेल्या स्त्रीने, आपल्या चुलीवर चार माणसांचे जास्त रांधावयास घेतले. महिन्याचा ठराव, दोन वेळचे जेवण. हीच गिरणगावची खाणावळ. ती पहिल्यापहिल्याने गावाची आणि जातीची असे. मालवणच्या माणसांची निराळी, साताऱ्याच्या माणसांची निराळी. कुंपण मोडले नव्हते, फक्त ते घरातून निघून गल्लीत आले होते. तथापि पैसे देऊन दुसऱ्याच्या चुलीवरचे खाण्यात कमीपणा नाही, हे एकदा अंगवळणी पडले ते येथे.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड प्रांतातील प्रॉव्हिडन्स शहरी १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्री खाद्यपदार्थ विकण्यास सुरुवात केली. त्याची गाडी उभी राही वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, कारण छापखान्यातील रात्रपाळीवाल्यांना त्या वेळी शहरात काही मिळत नसे. अमेरिकन लोक ज्यांस ‘डायनर’ म्हणतात त्या स्वस्त उपाहारगृहांचे मूळ या गाडीत आहे, असे मानतात. गिरणगावची बाई आणि प्रॉव्हिडन्सचा हा गाडीवाला यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. दोघांनाही जन्म दिला तो पाळीने.

मुंबईत या दोन चुलींच्या मध्ये आणखी एक दुकान आले, ते इराण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून आलेल्या झोरोस्ट्रियन व मुसलमान मंडळींनी नाक्यानाक्यावर संगमरवरी टेबले मांडली. ब्रून पाव, मस्का, खिमा, आणि चहा. त्यांस कोणाच्या सोवळ्याशी कर्तव्य नव्हते. आलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक. एका चहावर तासभर बसता येई. आमच्या चळवळीतील जुन्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे की, कचेरीचे भाडे परवडत नसे तेव्हा युनियनची कचेरी म्हणजे इराण्याचे कोपऱ्यातले टेबल. पोलिसांचा माणूसही शेजारच्याच टेबलावर बसे, आणि त्याचा चहा सरकारी खर्चाने होई!

हे झाले मुंबईचे. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे हीच कहाणी जास्त तिखट आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. नागपूर हे कोष्ट्यांचे गाव. हातमागावर लुगडी-धोतरे विणणारी ही माणसे गिरणीच्या कापडापुढे टिकेनात. कित्येक जण ज्या गिरणीने माग बंद पाडला तिच्यातच नोकरीस गेले. या समाजातील माणसाला नागपुराकडे ‘सावजी’ म्हणतात, आणि त्यांच्या घरातील मांसाहारी रांधप पुढे भोजनालयांतून विकले जाऊ लागले ते ‘सावजी’ नावानेच. इतवारी, महाल, गोळीबार चौक या बाजूंच्या वस्त्यांत घराच्याच पडवीत टेबल टाकून ही भोजनालये सुरू झाली, असे जुने लोक सांगतात. मागे आई-बहीण रांधावयास, पुढे मुलगा वाढावयास.

सावजी जेवणाची ख्याती तिखटाची. परगावचा पाहुणा पहिल्या घासाला डोळे पुसतो आणि आम्हां लोकांस त्याची मोठी मौज वाटते. पण हे तिखट आले कोठून? काही जण म्हणतात हवेमुळे, काही म्हणतात समाजाची आवड. आम्ही त्याकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहतो. काळी मिरी, धने, लवंग, दालचिनी, खसखस, दगडफूल असा भाजून वाटलेला मसाला, वर जवसाचे तेल, आणि दाटपणास थोडे ज्वारीचे पीठ. असा जळजळीत रस्सा केला की मांसाच्या चार फोडींवर पोटभर भाकरी जाते. तिखट हे येथे मांसाची उणीव भरून काढते. पुन्हा, मांस तरी कोणते? खूर, मुंडी, भेजा, कलेजी, आणि आतड्यांची ‘सुंदरी’. श्रीमंताच्या स्वयंपाकघरात जे जात नसे ते स्वस्त मिळे, आणि सावजीच्या बायकांनी त्याला अशी चव आणली की आज मोटारीतून येणारे लोक तेच मागून खातात. ज्यास मांस वर्ज्य, त्याच्यासाठी त्याच रश्श्यात बेसनाची पाटोडी. आठवड्याच्या सुटीला गिरणीवाला जेवावयास येई तो मुख्यतः या रश्श्यासाठी. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. सावजीची चूल चालू आहे.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल की, भोंग्याने आणि भुकेने जात पळवून लावली. तसे झाले असते तर आमचे काम पुष्कळ हलके झाले असते. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्यांस शिरकाव नसे. कारण धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्याच धोट्यास तोंड लावण्यास सवर्ण कामगार तयार नसत. विणाईत पगार जास्त. म्हणजे विटाळाची किंमत दरमहा पगारातून वसूल होई. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा कामगार-पुढाऱ्यांस तो अवघड गेला. लाल बावट्याखाली एकत्र चालणारी माणसे दुपारी निरनिराळ्या ठिकाणी जेवत होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. युनियनवाल्यांनी बहुतेक दुसराच शत्रू ध्यानात ठेवला.

रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ निराळे मिळे. गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्यांसाठी निराळी कपबशी असे. ती बाहेर वळचणीला ठेवलेली, पिणाऱ्यानेच धुवून ठेवावयाची, आणि त्याने बाकावर बसावयाचे नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन तेथील मज्जाव रद्द करण्यात आला आहे. ज्या ग्रंथात देशाचे आकाश-पाताळ एक केले, त्यात चहाच्या हॉटेलचा उल्लेख करावा लागला, याचे महत्त्व श्रोत्यांनी ओळखावे. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने तर तेथील भांड्यांचा वापर नाकारणे हाही गुन्हा ठरविला. कायदा करणाऱ्यांस ती वळचणीची कपबशी पुरती ठाऊक होती. आमच्या लहानपणी, म्हणजे कायद्यास वीस वर्षे होऊन गेल्यावर, आम्ही ती एका गावी डोळ्यांनी पाहिली आहे. गावाचे नाव सांगत नाही. ते एकच गाव नव्हते.

खाणावळीची खरी परीक्षा संपात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढाऱ्यांची भाषणे वर्तमानपत्रांत आली. पण महिन्यामागून महिने पगार नसता ही माणसे जेवत कोठे होती? कित्येक गावी परतली. जी राहिली त्यांतल्या अनेकांस खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातले. वाणी त्यांना उधार देईनासा झाला तरी त्यांनी ताटे थांबविली नाहीत, कोणी दागिने मोडले. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले होते, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. तोवर लाखो माणसांना जेवू घालणारा हा धंदा कोणाच्या खातेवहीत धंदा म्हणून नोंदलाच गेला नव्हता. कामगाराचा पगार लांबला की पहिली झळ या बाईस बसे, आणि पगारवाढ झाली की शेवटची आठवण तिची होई. लोखंडे यांनी पगार वेळेवर मागितला, तेव्हा तो नकळत तिच्याही वतीने मागितला होता.

आता नव्या पिढीच्या खाण्याकडे वळू. पोरे ‘बर्गर’ खातात म्हणून वडीलधारी मंडळी कुरकुरतात. पावात काही घालून उभ्या उभ्या खाणे यात परकीय असे थोडेच आहे. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, बटाटाही परदेशचाच. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी या दोघांची गाठ घालून वडापाव विकावयास सुरुवात केली, असे सांगतात. तोही गाडी पकडणाऱ्या कामकऱ्यासाठीच. तिकडे अमेरिकेत कॅन्सस प्रांतातील विचिटा गावी १९२१ साली ‘व्हाइट कॅसल’ने पाच सेंटला मांसाच्या टिकियेचा पाव विकला. पुढे १९४८ साली मॅक्डोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियात आपले चालते हॉटेल बंद करून नव्या रीतीने उघडले. जिन्नस मोजके केले, वाढपी काढून टाकले, भांडी जाऊन कागद आला, आणि स्वयंपाकाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेकाच्या हाती दिला. एकाने फक्त भाजावयाचे, दुसऱ्याने फक्त गुंडाळावयाचे. आम्हांला यात नवल ते एवढेच वाटते की, आजवर गिरणीच्या दारात खाणावळ होती, आता खाणावळीतच गिरणी आली. हे दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये गोमांस वगळून दिल्ली-मुंबईस उघडले. गिरणी आली की संपही येतो: २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये याच धंद्यातील कामगार तासाला पंधरा डॉलर मागत रस्त्यावर आले.

स्वस्त थाळी सरकारनेही घालून पाहिली. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. तिची केंद्रे लवकरच दुसऱ्याच धंद्यांस लागली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, आणि दोन महिन्यांत टाळेबंदी. त्या उन्हाळ्यात नागपूर-रायपूर रस्त्याने, आमच्या देवरीवरून, छत्तीसगड-ओडिशाकडे पायी निघालेली माणसे आम्ही पाहिली. रस्त्यावरचा एकही ढाबा उघडा नव्हता. काहींच्या गाठोड्यात तांदूळ होते, आणि ती झाडाखाली तीन दगड शोधत होती. शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दोन आठवड्यांत मागे फिरला होता.

आमचा हा जिल्हा गिरण्यांचा नव्हे. येथे धान आहे, धानाच्या भरडगिरण्या आहेत, तेंदूपाने आहेत, आणि विडी आहे. विडी घरी वळली जाते, म्हणून विडीवालीस ना भोंगा, ना जेवणाची सुटी, ना उपाहारगृह. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यास १९४८ च्या कायद्याने उपाहारगृह बंधनकारक केले. तिच्या ओट्यास कोणता कायदा लागणार? झाडीपट्टीत बाहेर खाण्याची जुनी जागा म्हणजे दिवाळीनंतरची मंडई. रात्रभर नाटक आणि मंडपाबाहेर आलूबोंड्याच्या कढया. तेथे पहाटे चारला, अंकाच्या मध्यंतरात, पाटील आणि सालगडी एकाच कढईभोवती उभे असतात. बसलेले नसतात, हे खरे.

आणि इटियाडोह. रविवारी गोंदिया, अर्जुनी, वडसा येथून माणसे पाणी पाहावयास येतात, मासळी-भात मागतात. प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला १९७२ साली वसलेली नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आपली मुले तेथे मोमो खाऊन येतात, आणि ते करणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. यांतील बहुतेकांस ठाऊक नसते की, त्यांचा हा रविवार लोखंडे यांनी मिळवून दिलेला आहे. आणि तो ज्यांना अजून मिळालेला नाही ती माणसे त्याच हॉटेलात चुलीपुढे उभी आहेत, कारण रविवारीच गिऱ्हाईक जास्त.

हॉटेलांत आणि ढाब्यांवर मुले कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. पोऱ्या मोठा झाला, कामाचे तास तेच राहिले. २०१७ चा राज्याचा दुकाने-आस्थापना कायदा आला तेव्हा त्याची पुरी अंमलबजावणी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेपुरतीच ठेवली. आमच्या बाजूच्या हॉटेलात चार जण असतात, फार तर पाच. मागील वर्षी आम्ही काही रस्त्यांवरच्या अशा कामगारांची यादी करावयास निघालो. किती वाजता जेवता, असा एक प्रश्न आमच्या कागदावर होता. बहुतेकांचे उत्तर एकच : सगळे उठून गेले की. म्हणजे चारच्या पुढे, कढईपाशी उकिडवे बसून.

तेव्हा आम्ही मागण्यांचा मसुदा केला. आठवड्यास एक सुटी, पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आत, आणि दुपारी एकाआड एक प्रत्येकास बाकावर बसून जेवावयास अर्धा तास. लोखंड्यांच्या अर्जाची नक्कल आहे, असे आमच्या एका तरुण सहकाऱ्याने हसून म्हटले. ते बरोबर आहे. चार मालकांशी बोलणी झाली. दोघांनी अर्धा तास कबूल केला, एकाने हंगाम संपू द्या म्हणून सांगितले, आणि चौथ्याने आम्हांला बाकावर बसवून चहा पाजला, पैसेही घेतले नाहीत, आणि विषय बदलला.